सँत शापेलला पुन्हा जाताना दुर्बीण न्या

पॅरिसमध्ये एकच जुनी वास्तू बघायला वेळ असेल तर कुठली बघू, असं कुणी विचारलं की मी नोत्र दाम या प्रसिद्ध कॅथेड्रलचं नाव घेत नाही. सीन नदीतल्या त्याच बेटावर, तिथून चालत जेमतेम पाच-सात मिनिटांवर, न्यायालयाच्या, म्हणजे पूर्वीच्या राजवाड्याच्या, आवारात दडलेल्या सँत शापेलचं, राजाच्या खासगी चॅपेलचं (छोट्या चर्चचं), नाव सांगते. विचारणारा जरा हिरमुसतो, कारण त्याला आयफेल टॉवर नाहीतर लूव्र ऐकायचं असतं. पण माझं मत या फेरीनंतर जास्तच पक्कं झालंय, आणि हा रिव्ह्यू खास करून त्यांच्यासाठी आहे ज्यांनी सँत शापेल एकदा बघितलंय आणि "झालं की बघून" म्हणून पुढच्या वेळी यादीतून खोडलंय. खोडू नका.

माझी पहिली भेट एका टूर कंपनीबरोबर झाली होती. वर चढा, आ वासा, फोटो काढा, खाली या, बस उभी आहे. त्या धावपळीतही डोळे दिपलेच, पण आठवणीत राहिला तो फक्त निळा-जांभळा उजेड. चित्रं काय होती, कुणाची होती, काही म्हणजे काही नाही. या खेपेला सोबत वन्सं होत्या, म्हणजे माझी मोठी नणंद. आयुष्यभर शाळेत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मी बांधकाम खात्यात डिझाइनच्या टेबलावर नोकरी केलेली, त्यामुळे मी कुठेही गेले की आधी छत कशावर उभं आहे ते बघते. वन्सं आधी पाटी वाचतात. सँत शापेल बघायला ही जोडी फारच सोयीची निघाली.

तिकिटाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढा. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरून येणाऱ्यांना युरोपवाल्यांपेक्षा जास्त दर आहे, २२ युरो. अठराच्या आतल्या मुलांना फुकट. अनेक संग्रहालयांसाठी मिळून असलेला पॅरिस म्युझियम पास असला तरी इथली वेळ आधी राखून ठेवावी लागते, पास दाखवला की थेट आत असं नाही. २२ युरो जास्त आहेत का? आहेत. पटापट बघून निघणार असाल तर फारच जास्त आहेत. दोन तास बसणार असाल तर त्या शहरात त्या पैशांत याहून चांगलं काही मिळेल असं मला वाटत नाही.

दारावर विमानतळासारखी तपासणी होते, कारण हे आवार आजही चालू न्यायालयाचं आहे. काळे झगे घातलेले वकील लगबगीने जाताना दिसतात. चाकू, कात्री, काचेची बाटली असलं काही जवळ ठेवू नका. फळ कापायची सुरी पर्समध्ये घेऊन फिरायची सवय आपल्याकडे बऱ्याच बायकांना असते, ती त्या दिवशी हॉटेलवर ठेवा. राखून ठेवलेल्या वेळेच्या आधी थोडं पोचलेलं बरं. मेट्रो ४ नंबरची, स्टेशन सिते.

आत गेलं की तुम्ही पोचता ते खालच्या चॅपेलमध्ये, आणि इथे बहुतेक जण थेट जिना शोधतात. थांबा. हे बुटकं, जेमतेम साडेसहा मीटर उंचीचं दालन राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होतं. राजा आणि त्याचे मानकरी वाड्यातूनच परस्पर वरच्या मजल्यावर यायचे. म्हणजे एका इमारतीत दोन दर्जे, वरचा देव वेगळा आणि खालचा वेगळा. हे समजायला आपल्याला फार कष्ट पडत नाहीत. छत गडद निळं, त्यावर सोनेरी लिलीची फुलं, आणि काही खांबांवर लाल रंगात सोनेरी किल्ले. लिली फ्रान्सच्या राजघराण्याची, किल्ला कॅस्टीलचा, कारण राजा लुई नववा याची आई ब्लांश ही कॅस्टीलची. ही दोन चिन्हं इथे नीट बघून घ्या, वर गेल्यावर उपयोग होतो. रंग मात्र मूळचे नाहीत, एकोणिसाव्या शतकात पुन्हा चढवलेले आहेत, आणि मला ते जरा जास्तच ठसठशीत वाटतात. खालीच एका बाजूला आठवणवस्तूंचं दुकान आहे, त्यात मन रमवू नका.

मग तो अरुंद गोल जिना. वन्संचे गुडघे कुरकुरतात, त्या एकेक पायरी भिंतीला हात लावत चढल्या. ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी लिफ्टची सोय आहे, ती दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारावी लागते. जिना संपतो तिथे एकदम वरचं दालन उघडतं.

पंधरा खिडक्या. बाजूच्या प्रत्येक खिडकीची उंची सुमारे १५ मीटर, छत जमिनीपासून वीस मीटरवर. भिंत म्हणावी अशी वस्तू कमरेच्या वर जवळपास नाहीच. पहिल्यांदा येणारा इथे गप्प होतो किंवा मोबाइल काढतो. मी छताकडे बघायला लागले. दगडी कमानींचं छत आहे, म्हणजे चांगलंच वजन, आणि ते नुसतं खाली दाबत नाही तर बाहेरच्या बाजूला रेटतं. तो रेटा घेणारी भिंत काढून टाकली आणि तिथे काच बसवली, तर छत उभं कसं? उत्तर अर्धं बाहेर आहे, जाड दगडी धिऱ्यांमध्ये, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेल्या टेकूंमध्ये, जे आतून दिसत नाहीत. आतून दिसतो तो त्यांचा निमुळता भाग, तोही बारीक खांबांच्या जुड्यांनी असा झाकलाय की जाडी कळत नाही. आणि उरलेलं उत्तर लोखंडात आहे. इमारतीला कमरपट्ट्यासारख्या लोखंडी साखळ्या आवळलेल्या आहेत, आणि त्या खिडक्यांमधून जातात तिथे काच धरणारा आडवा गज म्हणून खपून जातात. दुर्बिणीतून बघितलं तर बाकीच्या गजांत ते लपलेत हे कळूनही ओळखू येत नाहीत. इसवी सन १२४८ मध्ये, २६ एप्रिलला, हे चॅपेल अर्पण झालं. आमच्या खात्यात असा आराखडा कुणी आणला असता तर आम्ही तीन शेरे मारून परत पाठवला असता.

वन्संना यातलं काही नको होतं. त्यांनी खुर्ची शोधली, बसल्या, आणि विचारलं, "अगं, पहिलं पान कुठलं?"

हाच खरा प्रश्न आहे, आणि तो विचारला की सँत शापेल एकदम वेगळं होतं. या खिडक्यांमध्ये एकूण १,११३ प्रसंग आहेत. वाचन सुरू होतं जिन्याने वर आल्यावर वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताच्या पहिल्या खिडकीपासून, म्हणजे उत्तरेच्या बाजूने. तिथे उत्पत्तीची कथा, जगाची निर्मिती, आदाम आणि हव्वा. प्रत्येक खिडकी खालून वर वाचायची, ओळ डावीकडून उजवीकडे. मग निर्गम, मग गणना, अशी बायबलची पुढची पुस्तकं घेत वेदीमागच्या मधल्या खिडकीत येशूच्या यातनांची कथा येते, आणि तिथून उजव्या बाजूने परत दाराकडे. उंची एवढी आहे की नुसत्या डोळ्यांना खालच्या चार-पाच ओळी कळतात, वर सगळी रंगांची गिचमिड. म्हणून दुर्बीण. पक्षी बघायची छोटी, आठपट मोठं दाखवणारी पुरते. त्याहून मोठी आणू नका, हात हलतो आणि मान दुखते.

आम्ही सगळं वाचायचा अट्टहास केला नाही. दोन-तीन खिडक्या निवडल्या. गणनेच्या खिडकीत वन्संनी एक गोष्ट पकडली जी कुठल्याही टूर गाइडने मला सांगितली नव्हती. बायबलच्या त्या पुस्तकात वाळवंटातली भटकंती, शिरगणती आणि नियम. पण काचेत बघावं तर राज्याभिषेकावर राज्याभिषेक. एक माणूस बसलाय, दुसरा त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. वरच्या चौकटीत पुन्हा तेच. "एकाच मुलाने सगळ्या वर्गाचा गृहपाठ केल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. आणि मग पार्श्वभूमीकडे बघा: लिली आणि किल्ले, लिली आणि किल्ले. खाली खांबांवर पाहिलेली तीच. इस्राएलचे सरदार फ्रान्सच्या राजाच्या घराण्याच्या चिन्हांपुढे बसून मुकुट घालून घेतायत. जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातल्या, राजांची परंपरा सरळ आमच्यापर्यंत येते, हे लुईला सांगायचं होतं आणि ते त्याने काचेत हजार वेळा सांगितलं. भक्ती होतीच, पण जाहिरातही पक्की होती. एस्तेर राणीच्या खिडकीतही दरबार आणि मेजवान्या अशाच थाटाच्या.

चेहऱ्यांवर दुर्बीण स्थिर केलीत तर आणखी एक मजा. काचेला रंग मुळातच वितळताना मिसळलेला असतो, निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. लाल काच सबंध लाल केली तर ती काळीच दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर लालचा पातळ थर चढवतात. नाक, डोळे, वस्त्रांच्या घड्या मात्र कुंचल्याने काढलेल्या: धातूची भुकटी आणि काचेची पूड कालवून केलेला करडा-तपकिरी रंग, मग भट्टीत भाजलेला. म्हणजे सगळ्या दालनात भगभगणाऱ्या या रंगांमध्ये हाताने काढलेली रेघ एकाच रंगाची आहे. एका माणसाची भुवई एका फटकाऱ्यात ओढलीय, पुढे जाड, मागे निमुळती, आणि डोळ्याची बाहुली म्हणजे नुसता एक ठिपका, जरा वरच्या पापणीला चिकटलेला. त्या ठिपक्याने तो माणूस घाबरलेला दिसतो. इतक्या उंचावर, जिथे हे कुणाला दिसणार नव्हतं तिथेही ती भुवई नीट काढलीय.

उजवीकडची दाराजवळची शेवटची खिडकी सोडू नका. बाकी सगळीकडे बायबल आहे, इथे ताजा इतिहास आहे, म्हणजे त्या काळी ताजा. येशूच्या डोक्यावरचा काटेरी मुकुट पॅरिसला कसा आला त्याची गोष्ट. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बाल्डविन दुसरा कर्जात बुडालेला, मुकुट व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण. लुईने १२३९ मध्ये तो सोडवून घेतला, आणि मुकुट फ्रान्समध्ये पोचल्यावर पंचविशीतला हा राजा साध्या अंगरख्यात, अनवाणी, तो वाहून नेत चालला. सांगतात की मुकुटासाठी १,३५,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजले, आणि तो ठेवायला बांधलेल्या या सबंध चॅपेलला ४०,००० लागले. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे कोंबडीच महाग पडली. या खिडकीत बरीचशी काच नंतरच्या दुरुस्तीतली आहे, आणि वाचायची तऱ्हाही निराळी: एक ओळ डावीकडून, तिच्या वरची उजवीकडून, अशी नागमोडी. वन्संनी ते माझ्या आधी ओळखलं, कारण मिरवणूक त्यांना मागे चालताना दिसली.

तो मुकुट आता इथे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत ज्या मौल्यवान पेटीत तो ठेवायचे ती वितळवली गेली, मुकुट वाचला आणि पुढे नोत्र दामला गेला. २०१९ च्या आगीतून तो बाहेर काढला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडल्यावर परत तिथे आला. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती वस्तू शेजारच्या घरी. मला यात दुःख वाटत नाही. उलट आता कुणी मुकुटाच्या नावाने ढकलाढकली करत नाही, खिडक्या निवांत बघता येतात.

खिडक्या वाचल्या हेच नवल, कारण क्रांतीनंतर या दालनात न्यायालयाचा दप्तरखाना होता. फाइलींची कपाटं लावायला खिडक्यांच्या खालच्या सुमारे दोन मीटरच्या काचा काढून टाकल्या. सरकारी कचेरीत खिडकीवर कपाट लावायची रीत मला चांगलीच ओळखीची आहे, फक्त आमच्या खिडक्या तेराव्या शतकातल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठी डागडुजी झाली, द्युबां, लास्यूस आणि व्हियोले-ल-द्युक या वास्तुकारांच्या देखरेखीखाली. वरचा आजचा मनोरा त्याच काळातला. तरीही काचेतला जवळपास दोन तृतीयांश भाग मूळचा आहे. २००८ ते २०१५ च्या कामात काजळी लेसरने काढली आणि खिडक्यांना बाहेरून संरक्षक काच बसवली, मूळ काचेच्या उंचसखलपणाला जुळवून घेतलेली, म्हणजे रस्त्यावरून बघताना सपाट आरशासारखी चमकू नये. असलं काम लोकांच्या लक्षातही येत नाही, आणि यायलाही नको. माझ्याकडून त्याला वेगळे गुण.

आता उजेडाचं. सगळे सांगतात, लख्ख ऊन असलेला दिवस गाठा. फोटोसाठी बरोबर आहे, दक्षिणेकडून ऊन आलं की फरशीवर रंग सांडतात. पण वाचायला जाणार असाल तर ढगाळ दिवस चांगला. ऊन आलं की दक्षिणेच्या खिडक्या झगमगतात आणि समोरच्या उत्तरेच्या बिचाऱ्या निस्तेज दिसतात, डोळा सारखा जुळवून घ्यावा लागतो. आम्हाला मळभ मिळालं, सगळ्या बाजूंना सारखा उजेड, निळा रंग खोल आणि शांत. पश्चिमेचा गोल गवाक्ष मात्र उन्हं कलल्यावरच बघावा. तो बाकीच्या खिडक्यांपेक्षा दोनशेहून जास्त वर्षांनी धाकटा, पंधराव्या शतकाच्या शेवटचा, व्यास सुमारे नऊ मीटर, विषय जगाचा अंत. रंग एकदम बदललेले दिसतील, पिवळे आणि हिरवे. मधल्या काळात चांदीच्या क्षाराने काचेवर पिवळा चढवायची युक्ती निघाली होती, ती इथे मनसोक्त वापरलीय. वन्संना हाच सगळ्यात आवडला. मला त्यातल्या दगडी ज्वाळा जरा दिखाऊ वाटतात, पण यावर आम्ही वाद घातला नाही, फक्त एकमेकींकडे बघितलं.

गर्दीबद्दल खरं सांगायचं तर ती असतेच. दालन फार मोठं नाही, आवाज घुमतो, अधूनमधून शांतता राखायची सूचना होते आणि दोन मिनिटं टिकते. उपाय एकच, सकाळी नऊची पहिली वेळ घ्या, वर गेल्यावर मधोमध उभं न राहता भिंतीकडेला बसा, आणि लोकांना येऊ-जाऊ द्या. बहुतेक जण फार थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, बाकीच्या महिन्यांत पाचपर्यंत. संध्याकाळच्या संगीताच्या मैफलीही होतात, पण अंधार पडल्यावर काचा काळ्या पडतात, तेव्हा खिडक्यांसाठी जाणार असाल तर उन्हाळ्यातली लवकरची मैफलच बघा. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा गर्दीत गेला.

शेवटी एक सल्ला, जो मला कुणी दिला नव्हता. नदी ओलांडून दक्षिणेला थोडं चाललं की मध्ययुगीन कलेचं क्लूनी संग्रहालय आहे, सोमवारी बंद. सँत शापेलच्या खिडक्यांमधून काढलेले काही मूळ काचेचे तुकडे तिथे मांडलेत, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. चॅपेलच्या खांबांवर जे बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, उभे आहेत त्यांतल्या काहींचे मूळ पुतळेही तिथेच. काच एकसारखी जाड नाही, आत बुडबुडे आहेत, शिशाच्या पट्ट्या कुठे कशा वळवल्यात, कुंचला कुठे उचलला, हे सगळं हातभर अंतरावरून दिसतं. आम्ही तिथे दुसऱ्या दिवशी गेलो. तुम्ही आदल्या दिवशी जा. मग वर पंधरा मीटरवर बघताना काय शोधायचं ते ठाऊक असेल, आणि दुर्बिणीसाठी आमच्यासारखी ओढाओढ होणार नाही. शक्यतो प्रत्येकी एक न्या.